साफसफाईनंतर संगणक कीबोर्ड ओळखत नसेल तर: क्रमवार तपासणी

खंडेनवमीला पुण्यातल्या अनेक घरांत आणि लहान कार्यालयांत संगणक पुसून त्याला हळदकुंकू वाहतात, वर झेंडूचे फूल ठेवतात. त्याआधीच्या स्वच्छतेत कीबोर्ड उलटा करून झटकला जातो, ओल्या फडक्याने घासला जातो, कधी कळांच्या टोप्या काढून धुतल्याही जातात, आणि दसरा उलटल्यावर कामाला बसले की लक्षात येते, संगणक त्या कीबोर्डला ओळखतच नाही. सोसायटीतल्या आणि ओळखीतल्या लोकांचे असे कीबोर्ड मी बरीच वर्षे उघडून पाहत आलो आहे. त्यांतले पुष्कळसे मुळात बिघडलेले नव्हतेच. काही मात्र ओले असतानाच पुन्हा पुन्हा जोडून पाहिल्यामुळे नंतर बिघडले. म्हणून पुढे दिलेला क्रम मोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कोणती तपासणी आधी करायची यावरच कीबोर्ड वाचणार की जाणार हे बहुतेक वेळा ठरते.

पहिली पायरी: कीबोर्ड काढून ठेवणे

कीबोर्ड ओळखला जात नाही असे दिसताच त्याची केबल संगणकातून काढावी. संगणक बंद केला म्हणजे कीबोर्डला जाणारी वीज थांबली, असे समजू नये. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत अनेक संगणकांचे यूएसबी पोर्ट ५ व्होल्टचा राखीव पुरवठा देत राहतात. संगणक बंद केल्यावरही काही कीबोर्डचे दिवे जळत राहतात ते याचमुळे. वायरलेस कीबोर्ड असेल तर त्यातले सेल काढावेत, आणि आत चार्ज होणारी बॅटरी असेल तर निदान त्याचे बटण बंद करावे.

नुसत्या पाण्याने कीबोर्डचे जेवढे नुकसान होते त्याहून कितीतरी जास्त नुकसान ओलाव्यातून वाहणारी वीज करते. शुद्ध पाणी विजेचे फारसे चांगले वाहक नाही, परंतु फडक्यातल्या पाण्यात क्षार, साबणाचा अंश आणि कळांवरचा घाम मिसळलेला असतो. सर्किट बोर्डवरच्या दोन तांब्याच्या रेषांमध्ये जेमतेम मिलिमीटरभर अंतर असते. त्यांच्यामध्ये असे पाणी आणि वर ५ व्होल्टचा दाब आला, की तांबे झिजू लागते आणि हिरवट थर धरतो. साध्या कीबोर्डच्या प्लास्टिकच्या पापुद्र्यांवर चांदीच्या शाईने रेषा छापलेल्या असतात, आणि ओलाव्यात वीज मिळाली तर ती चांदी एका रेषेकडून शेजारच्या रेषेकडे सरकत जाऊन दोन्ही रेषा कायमच्या जोडल्या जाऊ शकतात. वीज तुटलेली असेल तर यातले काहीही घडत नाही आणि आपल्याला सवडीने विचार करता येतो.

पाणी कोणते होते हेही आठवून पाहावे. वाघोलीसारख्या भागात ज्या सोसायट्यांना टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते, तिथल्या नळाच्या तोट्यांवर आणि काचेच्या भांड्यांवर पांढरे डाग पडलेले सर्वांनी पाहिले असतील. असे जड पाणी कीबोर्डच्या आत सुकले की तेच पांढरे क्षार संपर्काच्या जागी राहतात आणि पावसाळी हवेतला ओलावा पुन्हा शोषून घेतात. म्हणूनच ‘सुकला तर होता, तरी चालत नाही’ आणि ‘काल चालला, आज पाऊस आल्यावर बंद पडला’ या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकते.

सुकवण्यासाठी कीबोर्ड कळा खाली येतील असा उलटा, एका बाजूला थोडे उंच करून, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाळ्यात पूर्ण एक दिवस आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दोन ते तीन दिवस द्यावेत. हेअर ड्रायरची गरम हवा आणि गच्चीवरचे कडक ऊन ही दोन्ही टाळावीत, कारण उष्णतेने आतले पापुद्रे आणि टोप्या वाकतात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय मी कोणालाही सुचवत नाही. तांदूळ आत अडकलेले पाणी ओढून घेऊ शकत नाही, उलट त्याची पूड कळांखाली जाते. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारून घेणारेही पुष्कळ आहेत. त्या टाकीत पाणी साचते, हवेबरोबर तेलाचे तुषार येतात आणि दाबही कीबोर्डच्या मानाने फार असतो, त्यामुळे तो मार्गही नको.

दुसरी पायरी: तक्रार नेमकी कोणती

‘ओळखत नाही’ या शब्दांत लोक किमान तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. कीबोर्डपर्यंत वीजच पोहोचत नसेल, वीज पोहोचत असून संगणकाशी त्याचा संवाद होत नसेल, किंवा संवाद नीट होत असून फक्त कळा उमटत नसतील. तिन्हींचे उपाय वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. हा भेद न करता ड्रायव्हर काढणे, विंडोज पुन्हा टाकणे यांसारख्या उद्योगांत लोक एक-एक दिवस घालवतात आणि हाती काहीच लागत नाही.

कीबोर्ड पूर्ण सुकल्यावर तो संगणकाला जोडताना त्याच्या दिव्यांकडे पाहावे आणि स्पीकरचा आवाज चालू ठेवावा. बऱ्याच कीबोर्डचे तीन दिवे वीज मिळताक्षणी एकदा लुकलुकतात. त्यानंतर कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा बदलतो का ते पाहावे. ही चाचणी दिसायला साधी असली तरी तिच्यातून फार मोठी माहिती मिळते. नेहमीच्या कीबोर्डमध्ये तो दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही. कळ दाबल्याची खूण संगणकाकडे जाते आणि संगणक उलट आज्ञा पाठवतो तेव्हाच दिवा लागतो. दिवा लागत आणि विझत असेल तर वीज, केबल, कीबोर्डमधली चिप आणि संगणकाचा पोर्ट हे सारे ठीक आहे, आणि दोष कळांच्या थरात किंवा संगणकाच्या सेटिंगमध्ये शोधायचा आहे, एवढे निश्चित होते. दिवा बदलला नाही तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये, कारण कदाचित केवळ कॅप्स लॉकची कळच उमटत नसेल; नम लॉकनेही तीच चाचणी करून पाहावी.

दिवे एकदाही लुकलुकले नाहीत आणि संगणकानेही आवाज केला नाही, तर वीज किंवा केबल यांकडे आधी वळावे. आवाज झाला, पण ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ असा संदेश आला, तर वीज पोहोचते आहे आणि संवाद तुटला आहे. या संदेशाचा उलगडा केबलच्या भागात केला आहे.

यानंतर हाच कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला आणि दुसरा, चांगला असल्याची खात्री असलेला कीबोर्ड आपल्या संगणकाच्या त्याच पोर्टला जोडून पाहावा. शेजाऱ्यांकडून दहा मिनिटांसाठी कीबोर्ड मागून आणण्याचा संकोच करू नये. या अदलाबदलीने जे कळते ते अंदाज बांधून कधीच कळत नाही. मात्र ओला किंवा शंकास्पद कीबोर्ड दुसऱ्याच्या संगणकाला जोडण्याआधी पुढे दिलेली शॉर्टची (आतल्या विजेच्या तारा एकमेकींना चिकटल्या आहेत का याची) तपासणी करणे हे आपले कर्तव्य आहे.

पुसताना नकळत बदललेल्या गोष्टी

कीबोर्ड उघडण्यापूर्वी चार गोष्टी पाहून घ्याव्यात, कारण पुसताना फडके फिरते तेव्हा ज्या गोष्टी आपण मुद्दाम कधीच करत नाही त्या आपोआप होतात.

पहिली गोष्ट बाजूच्या खटक्याची. हल्लीच्या अनेक कीबोर्डवर केबल, ब्लूटूथ आणि छोटा रिसीव्हर यांपैकी एक निवडण्याचा खटका असतो, आणि काहींवर विंडोज व मॅक यांच्यासाठी दुसरा असतो. फडक्याने तो सरकला की कीबोर्ड केबलने जोडलेला असूनही ब्लूटूथवर संगणक शोधत बसतो.

दुसरी गोष्ट विंडोजच्या फिल्टर कीजची. संगणक चालू असताना पुसले आणि उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली, तर ही सोय चालू करण्याविषयी विचारणा होते. त्याच ओघात दुसरी एखादी कळ दाबली गेली की ती चालूही होऊन बसते. त्यानंतर पटकन दाबलेल्या कळा संगणक दुर्लक्षितो आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. एखादी कळ दोन-तीन सेकंद दाबून धरल्यावर अक्षर उमटत असेल, तर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटी विभागात जाऊन फिल्टर कीज बंद करावे.

तिसरी गोष्ट मराठी टंकलेखन करणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. ज्यांनी इंग्रजीबरोबर मराठीचा इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक आराखडा घेतलेला असतो, त्यांच्या संगणकावर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले गेले की भाषा बदलते. पासवर्डच्या चौकटीत अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, त्यामुळे आपण देवनागरी टंकित करत आहोत हे ध्यानात येत नाही. पासवर्ड वारंवार चुकतो आणि माणूस कीबोर्डला दोष देतो. लॉगिनच्या पडद्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती आधी पाहावी. अशा एका कीबोर्डचे सगळे स्क्रू मी स्वतः काढले होते आणि मग ती खूण दिसली, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिले.

चौथी गोष्ट सुट्या केबलची. ज्या कीबोर्डची केबल मागून काढता येते, तो स्वच्छ केल्यावर हाताशी असलेली कोणतीही केबल लावली जाते. पॉवर बँकेबरोबर किंवा स्वस्त चार्जरबरोबर आलेल्या काही केबलमध्ये विजेच्याच दोन तारा असतात, संवादाच्या नसतात. अशा केबलवर कीबोर्डचे रंगीत दिवे झगझगीत लागतात आणि तरीही संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. काही कीबोर्ड याहून निराळे वागतात: दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर त्यांना वीजच मिळत नाही, आणि संगणकाच्या बाजूला जुने चौकोनी टोक असलेल्या केबलवर ते व्यवस्थित चालतात. अशा कीबोर्डमध्ये टाइप-सीसाठी लागणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवलेले नसतात, हे त्याचे कारण आहे. म्हणून मूळची केबल शोधून तीच लावून पाहावी.

संगणकाची बाजू

दुसऱ्या संगणकावर कीबोर्ड चालला, तर आपल्याच संगणकाकडे पाहावे लागेल. ओल्या कीबोर्डने पोर्टमधून जास्त वीज ओढली असेल तर संगणक तो पोर्ट स्वसंरक्षणासाठी बंद करतो. विंडोजमध्ये त्या वेळी ‘पॉवर सर्ज’ असा इशारा येऊन गेलेला असतो. संगणक बंद करून भिंतीवरचे बटण बंद करावे, संगणकाचे चालू करण्याचे बटण पंधरा सेकंद दाबून धरावे, दोन मिनिटे थांबून सारे पुन्हा चालू करावे. कीबोर्ड हबला किंवा समोरच्या पोर्टला न लावता मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावावा.

चालू होताना बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या संगणकाच्या मूळ सेटिंगच्या, पडद्यावर जाण्याची कळ दाबून पाहावी. ती बहुधा डिलीट किंवा एफ२ असते. तिथे कीबोर्ड चालत असेल आणि विंडोजमध्ये चालत नसेल, तर हार्डवेअर चांगले आहे. अशा वेळी माउसने लॉगिनच्या पडद्यावरचे ॲक्सेसिबिलिटीचे चिन्ह दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा आणि आत जावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) कीबोर्ड्स या शीर्षकाखालची आणि यूएसबीच्या यादीतली पिवळी खूण असलेली नोंद अनइन्स्टॉल करून ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ निवडावे. यानंतर ‘शट डाउन’ न निवडता ‘रीस्टार्ट’ निवडावे, कारण फास्ट स्टार्टअप चालू असलेल्या विंडोजमध्ये शट डाउन केल्यावर प्रणालीची जुनी अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि तीच पुन्हा उचलली जाते. सॉफ्टवेअरचा भाग माझ्या मते एवढाच आहे. स्वच्छ करण्याआधी चालणारा कीबोर्ड स्वच्छ केल्यावर बंद पडला असेल, तर ड्रायव्हरने आपणहून बिघडण्याचे काही कारण नसते.

बँकांत किंवा जुन्या कार्यालयांत अजूनही जांभळ्या गोल टोकाचे पीएस/२ कीबोर्ड दिसतात. ते चालू संगणकाला जोडले तर ओळखले जात नाहीत. संगणक बंद करून, जोडून, मग चालू करावा. काढताना-घालताना त्यांच्या सहा बारीक पिनांपैकी एखादी वाकली नाही ना, हेही पाहावे.

केबल आणि शॉर्टची तपासणी

साफसफाईत सर्वाधिक त्रास केबलला होतो. कीबोर्ड केबलला धरून उचलला जातो, केबल त्याच्याभोवती घट्ट गुंडाळली जाते, आणि जिथे ती आत शिरते तिथेच आतली तार तुटते. वरचे आवरण मात्र धड दिसते.

यूएसबीच्या चौकोनी टोकात चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन थोड्या लांब असून त्या विजेच्या असतात, म्हणजे टोक आत जाताना वीज आधी जोडली जाते. मधल्या दोन आखूड पट्ट्या संवादाच्या. केबलच्या आत बहुधा लाल तार ५ व्होल्टची, काळी जमिनीची (ग्राउंड), पांढरी आणि हिरवी संवादाची असते. स्वस्त केबलमध्ये हे रंग पाळले जातीलच असे नाही. कीबोर्ड जोडला गेला आहे हे संगणकाला कळते, कारण कीबोर्डच्या आतला दीड किलोओहमचा रेझिस्टर या दोनपैकी एक संवादाची तार ३.३ व्होल्टकडे खेचून धरतो. आता मघाच्या लक्षणांचा उलगडा होतो. ज्या तारेवर हा रेझिस्टर आहे तीच तुटली, तर संगणकाला काही जोडल्याचे कळतच नाही आणि आवाज होत नाही. दुसरी तार तुटली, तर काहीतरी जोडले आहे हे कळते, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असे लिहिलेली अनोळखी नोंद आणि ४३ हा कोड दिसतो. सर्किट बोर्डवर या दोन तारांमध्ये ओलावा साचला असला तरी हेच घडते, म्हणून कोड ४३ दिसल्यावर केबल आणि बोर्ड दोन्ही पाहावे लागतात.

यासाठी साधा मल्टिमीटर, म्हणजे तारेतली जोडणी आणि वीज मोजण्याचे साधन, पुरतो. तो, तसेच आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि गरज पडली तर नवी केबल, हे सारे पुण्यातल्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळते. तिथे अल्कोहोलला नुसते आयपीए म्हटले तरी दुकानदाराला समजते.

सर्वांत आधी शॉर्ट पाहावा. कीबोर्ड संगणकापासून सुटा असताना मल्टिमीटर बीप देणाऱ्या कंटिन्युइटीच्या खुणेवर ठेवून त्याची दोन टोके यूएसबीच्या कडेच्या दोन पट्ट्यांना लावावीत. सलग बीप वाजली तर वीज आणि जमीन आतून जोडल्या गेल्या आहेत. असा कीबोर्ड कोणत्याही संगणकाला लावू नये, आधी उघडून स्वच्छ करावा. बीप वाजली नाही तर खालचे झाकण उघडून केबलचा आतला कनेक्टर बोर्डवरून काढावा आणि चारही तारा एकेक करून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासाव्यात. प्रत्येक वेळी केबल वाकवून, विशेषतः झाकणाजवळची चार बोटे जागा हलवून, बीप तुटते का हे ऐकावे. तुटलेली जागा सहसा तिथेच सापडते; तेवढा भाग कापून उरलेल्या तारा रंगांप्रमाणे जोडून डाख (सोल्डर) द्यावा आणि प्रत्येक जोडावर वेगळी प्लास्टिकची नळी चढवावी. डाख देण्याचा सराव नसेल तर हे काम जाणत्या माणसाकडे द्यावे. ते लहान काम आहे.

साधा कीबोर्ड उघडताना

घरांत आणि कार्यालयांत सर्वाधिक वापरले जाणारे कीबोर्ड पापुद्र्यांचे असतात. त्यांच्या पोटात प्लास्टिकचे तीन पातळ थर एकावर एक ठेवलेले असतात: वरच्या आणि खालच्या थरावर छापील रेषा, मधल्या थराला कळांच्या जागी भोके. कळ दाबली की तिच्याखालची रबराची घुमटी वरचा थर भोकातून खालच्या थराला टेकवते. ही रचना कळली की साफसफाईनंतरचे निम्मे दोष आपोआप समजतात.

या तीन थरांमध्ये शिरलेले पाणी केशाकर्षणाने तिथेच धरून राहते. कीबोर्ड बाहेरून खडखडीत वाळलेला असतो आणि आत आठवडाभर ओल असते. अशा वेळी एखादी कळ कायमची दाबलेली आहे असे संगणकाला वाटते. चालू होताना तो सलग बीप देतो, किंवा एकच अक्षर उमटत राहते आणि बाकीच्या कळांना प्रतिसाद मिळत नाही. थांबून राहिल्याने ही ओल जाणार नाही, थर वेगळे करावेच लागतात.

उघडण्याआधी मोबाइलवर छायाचित्रे काढावीत. खालचे सर्व स्क्रू काढावेत; एखादा स्क्रू लेबलखाली किंवा रबरी पायाखाली लपलेला असतो, म्हणून झाकण अडले तर जोर न लावता तो शोधावा. आत रबराची चादर असेल तर ती एका हालचालीत उचलून बाजूला ठेवावी, घुमट्या सुट्या असतील तर त्यांच्या जागा आधी टिपाव्यात. तिन्ही थर काही ठिकाणी उष्णतेने चिकटवलेले असतात, तिथे ओढू नयेत. उरलेल्या भागातून उचलून मधे हवा खेळेल असे ठेवावेत. डाग दिसत असतील तर आधी डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने ते पुसावेत, कारण क्षार अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच हे पाणी, बॅटरीच्या दुकानात मिळते. त्यानंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने उरलेला ओलावा काढावा. छापील रेषांवर घासू नये, फक्त टिपावे. करोनाच्या काळापासून घरोघरी असलेला सॅनिटायझर यासाठी वापरू नये. त्यातले पाणी, ग्लिसरीन आणि सुगंध मागे थर ठेवून जातात. अल्कोहोल अतिशय ज्वलनशील असल्याने हे काम खिडकी उघडी ठेवून, गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब करावे.

वरच्या बाजूला एक लहानसा हिरवा किंवा तपकिरी बोर्ड असतो आणि पापुद्र्यांची एक शेपटी त्याच्या काळ्या पट्ट्यांवर येऊन टेकते. हा जोड डाख दिलेला नसतो. वरच्या रबराच्या पट्टीचा आणि दोन-तीन स्क्रूंचा दाब एवढ्यावरच तो टिकतो. कीबोर्ड पुन्हा बंद करताना शेपटी केसभर सरकली किंवा स्क्रू सैल राहिले, तर चिप संगणकाशी बोलते, कीबोर्ड यादीत दिसतो आणि एकही कळ उमटत नाही, किंवा कळांचे विचित्र गट बंद पडतात. कळा आडव्या-उभ्या जाळीत जोडलेल्या असल्यामुळे एक रेषा तुटली की शेजारच्याच कळा बंद पडतील असे नाही. म्हणून नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबावी आणि न उमटणाऱ्या कळांची यादी करावी. नंतर छापील रेषांवर बोट ठेवून त्या सगळ्या कोणत्या एका रेषेवर येतात हे पाहिले की तुटलेली जागा सापडते. बोर्डवरच्या काळ्या पट्ट्या कार्बनच्या असतात, त्यांना खोडरबराने खरवडू नये. अल्कोहोलचा कापूस हलक्या हाताने फिरवणे पुरेसे आहे.

झाकण पूर्ण लावण्याआधी शॉर्टची तपासणी पुन्हा करावी, कीबोर्ड जोडून दहा-बारा कळा पाहाव्यात, वीज काढावी आणि मगच सर्व स्क्रू बसवावेत. या एका काळजीने दोन-तीन वेळा उघडझाप करण्याचे श्रम वाचतात.

मेकॅनिकल, वायरलेस आणि लॅपटॉप

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये पापुद्रे नसतात, प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच असतो. पूर्ण कीबोर्ड ओळखला जात नसेल तर त्याच्या टाइप-सी सॉकेटमध्ये फडक्याचे तंतू अडकले आहेत का ते टॉर्चने पाहावे. बऱ्याच मॉडेलांत हे सॉकेट वेगळ्या छोट्या बोर्डवर असते आणि बारीक केबलने मुख्य बोर्डला जोडलेले असते. उघडून स्वच्छ केल्यावर ती केबल अर्धवट बसणे ही नेहमीची चूक आहे. स्विच काढून परत बसवले असतील आणि एखादीच कळ चालत नसेल, तर त्या स्विचची पिन सॉकेटमध्ये न जाता खाली वाकली असणार. ती चिमट्याने सरळ करून स्विच काटकोनात दाबावा.

वायरलेस कीबोर्डचे सेल काढून-घालताना उलटसुलट झाले नाहीत ना, आणि स्प्रिंगवर ओलाव्याचा पांढरा-हिरवा थर नाही ना, हे पाहावे. रिसीव्हर यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला लागलेला असेल तर तो दुसऱ्या पोर्टला किंवा लहान एक्स्टेन्शन केबलवर लावावा. यूएसबी ३ च्या वेगवान संवादातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अडथळा येतो हे सिद्ध झालेले आहे. ब्लूटूथ असेल तर जुनी जोडणी पुसून नव्याने पेअर करावे.

लॅपटॉपच्या बाबतीत मी अधिक सावध राहायला सांगेन, कारण कीबोर्डच्या खालीच मदरबोर्ड असतो. लॅपटॉपवर पाणी गेल्याची शंका असेल तर लगेच चार्जर काढावा, तो बंद करावा, आणि आतली बॅटरी सुटी केल्याशिवाय पुन्हा चालू करू नये. केवळ कोरडी साफसफाई झाली असेल, तर चार्जर काढून चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडून पाहावा. बाहेरचा चालतो आणि आतला चालत नाही, तर आतली चपटी रिबन केबल सुटली असण्याची शक्यता सर्वाधिक असते. ही केबल ज्या सॉकेटमध्ये बसते त्याला नखाने उचलण्याची एक नाजूक पट्टी असते. ती उचलून, रिबन अगदी सरळ आतपर्यंत सरकवून, मग पट्टी मिटायची असते. रिबन तिरकी राहिली तर अर्ध्या कळा चालतात, आणि पट्टी न उघडता रिबन ओढली तर सॉकेटच तुटते. कळांच्या मागच्या प्रकाशाची रिबन बहुधा वेगळी असते, त्यामुळे कळांखालचा दिवा लागतो म्हणजे कीबोर्ड जोडलेला आहे, असे धरू नये.

कुठे थांबावे

केबलच्या चारही तारा अखंड आहेत, शॉर्ट नाही, बोर्ड स्वच्छ आणि कोरडा आहे, आणि तरीही दोन वेगवेगळ्या संगणकांवर काहीच हालचाल होत नाही, तर कीबोर्डची चिप गेली आहे असे मानावे. स्वस्त कीबोर्डमध्ये ही चिप काळ्या गोळ्याखाली थेट बोर्डला चिकटवलेली असते आणि ती बदलता येत नाही. पापुद्र्यांवरची रेष एका ठिकाणी तुटली असेल तर चांदीच्या वाहक शाईने ती सांधता येते, पण तीन-चार ठिकाणी रेषा काळ्या पडल्या असतील तर ते काम टिकत नाही. काही शे रुपयांच्या कीबोर्डवर इथे थांबणे मला योग्य वाटते. महागडा मेकॅनिकल कीबोर्ड किंवा लॅपटॉप असेल तर मात्र तो दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा. नेताना कोणते पाणी गेले, किती वेळ सुकवला, कोणत्या तपासण्या केल्या आणि कोणत्या कळा उमटत नव्हत्या, हे कागदावर लिहून द्यावे, म्हणजे त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

निकामी झालेला कीबोर्ड रोजच्या सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा म्हणून द्यावा. त्याआधी धड असलेली केबल, रबराची चादर आणि स्क्रू काढून एका डबीत ठेवावेत, आणि डबीवर मॉडेलचे नाव लिहावे. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कीबोर्डला पुढे हीच केबल उपयोगी पडते.